भाड्याचे घर आणि अकरा महिन्यांचा कागद

आमच्या इमारतीत आणि आजूबाजूच्या वस्तीत कोणाला काही कागद वाचून घ्यायचा असला, की तो माझ्याकडे येतो. मी वकील नाही. आयुष्यभर कारकुनी केली, त्यामुळे कागद सावकाश वाचायची सवय आहे, एवढेच. पूर्वी हे कागद रेशनकार्डाचे, जातीच्या दाखल्याचे, प्रॉव्हिडंट फंडाचे असत. आता दहापैकी निम्मे कागद एकाच प्रकारचे असतात : मुद्रांकावर छापलेला, नोटरीचा गोल शिक्का मारलेला, अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार.

दोनेक वर्षांपूर्वी कल्याणहून एक तरुण असाच कागद घेऊन आला. नवराबायको आणि तीन वर्षांची मुलगी. भाडे बारा हजार, डिपॉझिट साठ हजार. त्या साठ हजारांत बायकोच्या गळ्यातले मोडून आलेले पैसेही होते. पाचव्या महिन्यात मालकाचा निरोप आला, की मला जास्त भाड्याचे गिऱ्हाईक मिळाले आहे, महिनाअखेरीस खोली रिकामी करा, डिपॉझिटचे नंतर बघू. त्याचा प्रश्न साधा होता. “काका, माझ्याकडे कागद आहे. त्याला काही किंमत आहे की नाही?”

त्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. मुंबई आणि ठाणे जिल्ह्यातील भाड्याच्या घरांचा व्यवहार गेल्या ऐंशी वर्षांत कसा पालटला, हे पाहिल्याशिवाय त्या कागदाची किंमत कळत नाही. म्हणून थोडे मागे जाऊ.

मुंबईत श्रमिकाला राहण्यासाठी खोली हवी, हा विचार सरकारला सुचला तो १८९६ च्या प्लेगनंतर. १८९८ साली सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले आणि त्यातून बी.आय.टी. चाळी उभ्या राहिल्या. परळच्या अशाच चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहिले, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. पुढे १९२० च्या दशकात बी.डी.डी. चाळी झाल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. एकेका चाळीत ८० खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. आपल्यापैकी कितीतरी जणांचे वाडवडील गावाहून आले ते या खोल्यांत, आणि एका खोलीत एक बिऱ्हाड असे कधी नव्हतेच. गाववाले, पाहुणे, पाळीवर जाणारे मजूर धरून दहा-बारा माणसे सहज असत. पण या खोलीचे एक वैशिष्ट्य होते. भाडे कमी होते आणि वेळेवर भरले तर कोणी बाहेर काढत नव्हते.

खाजगी चाळींत हे संरक्षण कायद्याने आले. युद्धकाळात मुंबईत माणसांचा लोंढा वाढला आणि घरमालक मनाला येईल तसे भाडे मागू लागले. तेव्हा मुंबई भाडेनियंत्रण कायदा, १९४७ झाला. या कायद्याने प्रमाण भाडे ठरवताना १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते आधार धरले, आणि भाडेकरूला सबळ कारणाशिवाय व कोर्टाच्या हुकमाशिवाय काढता येणार नाही, असे ठरवले. त्या काळाचा विचार करता हा कायदा गिरणी कामगाराच्या बाजूचा होता आणि त्याने लाखो कुटुंबांना या शहरात टिकवले. हे आधी मान्य करावे लागेल, कारण आज या कायद्याला नावे ठेवण्याची एक पद्धतच पडली आहे.

मात्र त्याचे दुसरे अंगही होते. महागाई वाढत गेली, पगार वाढत गेले, भाडे मात्र १९४० च्या खुंटीला बांधलेले राहिले. ज्या मालकाला खोलीमागे पंधरा-वीस रुपये मिळतात तो जिना कशाला दुरुस्त करील? गच्च्या गळू लागल्या, तुळया कुजल्या, पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. शेवटी १९६९ साली शासनाला इमारत दुरुस्तीचा वेगळा कायदा करून भाडेकरूंकडून उपकर गोळा करावा लागला. त्या वेळी अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ मोजल्या गेल्या. आणि वर पागडी सुरू झाली. भाडे नाममात्र, पण खोली हवी असेल तर एकरकमी पैसे मोजा. हा व्यवहार कायद्याला मान्य नव्हता, म्हणून तो पावतीविना, रोखीत होई. खोली दुसऱ्याच्या नावावर करताना त्यातला साधारण तिसरा हिस्सा मालकाला द्यायचा, अशी रीत पडली.

यातून वाट काढण्यासाठी मालकांनी ‘भाडेकरू’ हा शब्दच टाळायचा, असे ठरवले. भाडेकरूला जागेत हक्क मिळतो. परवानगीने राहणाऱ्याला हक्क मिळत नाही, फक्त वापरण्याची मुभा मिळते. या मुभेलाच लायसन्स म्हणतात. म्हणून लोक भाडे घेत, पण कागदावर ‘लायसन्स’ लिहीत. शासनाने ही पळवाट ओळखली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे जे लायसन्सने राहत होते त्यांना कायद्याने भाडेकरू ठरवून टाकले. राहणाऱ्यांचा फायदा झाला. पण ज्यांच्याजवळ रिकामी घरे होती त्यांनी यातून एक धडा घेतला, तो असा, की घर भाड्याने दिले तर ते गेलेच. पुढची पंचवीस वर्षे ते कुलूप लावून बसले किंवा कंपन्यांनाच घरे देऊ लागले. नव्याने मुंबईत येणाऱ्या साध्या माणसाला भाड्याची खोली मिळण्याचा मार्ग अरुंद झाला तो इथे. झोपडपट्ट्या वाढल्या त्याला इतर कारणे पुष्कळ आहेत, पण हेही त्यांपैकी एक आहे.

देशभराचे आकडेही हेच सांगतात. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीनुसार १९६१ साली भारतातील शहरांत ५४ टक्के घरे भाड्याची होती. २०११ साली हे प्रमाण २८ टक्क्यांवर आले. त्याच २०११ च्या जनगणनेत शहरी भागात एक कोटी अकरा लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली आणि त्यांत मुंबईचा क्रमांक पहिला होता. तिथे सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी होती. एकीकडे माणसे पुलाखाली आणि दुसरीकडे पाच लाख कुलपे.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात, भाडे असे कायमचे गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही, असे सांगितले. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. आजचा सारा व्यवहार या कायद्यावर चालतो. त्याने तीन मोठ्या गोष्टी केल्या. जुन्या भाडेकरूचे संरक्षण ठेवले, पण दर वर्षी ४ टक्के भाडेवाढ मालकाला दिली. पागडी कायदेशीर केली. आणि तिसरी गोष्ट, जी आपल्या मुलाबाळांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे, ती कलम २४ मधली. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली, की राहणाऱ्याने घर सोडलेच पाहिजे. न सोडल्यास मालक नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि जास्त राहिलेल्या दिवसांचे पैसे दुप्पट दराने मागू शकतो.

या एका कलमाने मालकांची भीती गेली आणि कुलपे हळूहळू निघू लागली. डोंबिवली, कल्याण, बदलापूर, वसई, नवी मुंबई येथे दुसरे घर घेऊन ते भाड्याने देणारे मध्यमवर्गीय मालक तयार झाले. गिरणगाव १९८२ च्या संपानंतर ओस पडले, तेथील माणसे याच पट्ट्यात सरकली. त्यांची मुले आज या मालकांची गिऱ्हाइके आहेत. पण त्याचबरोबर भाडेकरू ही जात नाहीशी होत चालली, हेही ओळखले पाहिजे. बापाच्या नावावर चाळीतली खोली होती, तिच्या भाडेपावतीत मुलाचे आयुष्य सुरक्षित होते. मुलाजवळ फक्त मुदत आहे. कायदा आता घराचे संरक्षण करत नाही, कागदावर लिहिलेल्या महिन्यांचे करतो. जेवढे महिने, तेवढेच संरक्षण.

मग अकराच महिने का? याचे उत्तर बहुतेकांना ठाऊक नसते. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. ती नोंदणी टाळण्यासाठी अकरा महिन्यांची प्रथा देशभर पडली. पण महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने ही सबब ठेवलेली नाही. भाड्याचा किंवा लायसन्सचा कोणताही करार, मग तो अकरा महिन्यांचा असो की पाच महिन्यांचा, लेखी असला पाहिजे आणि नोंदवला गेला पाहिजे. ती नोंदणी करण्याची जबाबदारी मालकावर आहे. मालकाने ती केली नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. आणि याहून उपयोगाचे एक वाक्य त्याच कलमात आहे. नोंदलेला करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिले होते याबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाईल, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत.

हे वाक्य मी त्या कल्याणच्या तरुणाला दोनदा वाचून दाखवले. त्याचा करार नोटरीचा होता. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरीचा शिक्का एवढेच सांगतो, की ही सही या माणसाने केली. दुय्यम निबंधकाच्या दप्तरात त्या कराराचा मागमूस नसतो. आपले लोक लाल शिक्का आणि चिकटवलेली तिकिटे पाहून समाधानी होतात. एजंटही तेच सांगतो, कारण त्याला नोंदणीच्या खटाटोपात पडायचे नसते आणि मालकाला मिळकतकराच्या नजरेत यायचे नसते. “नोंदणीला फार खर्च येतो” ही थाप मी अनेक वेळा ऐकली आहे. म्हणून हिशेबच करून पाहू.

बारा हजार भाडे, साठ हजार परत मिळणारे डिपॉझिट, मुदत चोवीस महिने. चोवीस महिन्यांचे भाडे २,८८,००० रुपये. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने व्याज धरतात, ते दोन वर्षांचे १२,००० रुपये. एकूण ३,००,०००. यावर पाव टक्का मुद्रांकशुल्क, म्हणजे ७५० रुपये. महानगरपालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. ऑनलाइन नोंदणीची किरकोळ रक्कम वेगळी. म्हणजे दोन वर्षांच्या निवाऱ्यासाठी सरकारी खर्च दोन हजारांच्या आसपास. हे काम आता आधार क्रमांक आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या होते, निबंधक कार्यालयाच्या रांगेत उभे राहावे लागत नाही. मधला माणूस चार-पाच हजार मागतो ती त्याची मजुरी असते, सरकारची फी नव्हे. दोघांनी खर्च निम्मा निम्मा वाटून घेण्याची पद्धत आहे आणि ती बरी आहे.

इथे मुदतीबद्दल सांगतो. शक्य असेल तिथे चोवीस किंवा छत्तीस महिन्यांचा करार मागावा आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची भाडेवाढ त्यातच लिहून घ्यावी. मूल शाळेत असेल तर याचे महत्त्व कळते. दर अकरा महिन्यांनी नवा करार म्हणजे दर अकरा महिन्यांनी नवी भाडेवाढ, आणि बहुधा एजंटाला पुन्हा एका महिन्याची दलाली. पण लांब मुदत घेतानाही एक कलम नीट वाचा. बहुतेक छापील करारांत “एक महिन्याची नोटीस देऊन कोणासही करार संपवता येईल” असे असते. तसे असेल तर छत्तीस महिने लिहून उपयोग नाही, तुमची खरी मुदत एक महिनाच आहे. पहिले वर्षभर तरी मालकाला नोटीस देता येणार नाही, असे लिहून घेता येते. मागितले पाहिजे, न मागता कोणी लिहीत नाही.

आता भाडे कुठे आणि का वाढते, हे थोडक्यात. ठाणे जिल्ह्यात घराचे भाडे स्टेशनापासून मोजले जाते, हे आपण सर्व अनुभवाने जाणतो. चालत जाण्याच्या अंतरावरची खोली आणि शेअर रिक्षाच्या अंतरावरची खोली यांत फरक असतो. मात्र महिन्याची रिक्षा, पास आणि जाण्यायेण्यातला वेळ धरला, तर स्वस्त खोली पुष्कळदा स्वस्त राहत नाही. घरात दोन कमावती माणसे असतील तर हा हिशेब दुप्पट करावा. २०२० च्या टाळेबंदीत अनेक कुटुंबे गावी गेली आणि काही काळ भाडी उतरली. २०२२ पासून कचेऱ्या पूर्ववत झाल्या आणि ती पुन्हा चढली, पूर्वीपेक्षाही वर. त्यात आणखी एक कारण मिसळले, ज्याकडे फारसे लक्ष जात नाही. मुंबईच्या उपनगरांत आणि ठाणे-डोंबिवलीत जुन्या सोसायट्या मोठ्या संख्येने पुनर्विकासाला निघाल्या आहेत. इमारत पाडली की तिथली तीस-चाळीस कुटुंबे त्याच भागात भाड्याचे घर शोधतात, कारण मुलांची शाळा तिथेच असते. त्यांचे भाडे बिल्डर देतो, म्हणून ती घासाघीस करत नाहीत. त्या भागातले भाडे वाढते आणि ज्याला स्वतःच्या पगारातून भाडे द्यायचे आहे तो दोन स्टेशने पुढे ढकलला जातो. बी.डी.डी. चाळीतल्या आपल्या बांधवांना ऑगस्ट २०२५ पासून वरळीला ५०० चौरस फुटांची घरे मिळू लागली, याचा आनंद आहेच. पण जी मुले त्या चाळीत कुणाची तरी पोटभाडेकरू म्हणून राहत होती, त्यांच्या वाट्याला काय आले?

भाडे चढण्याचे एक कारण कोणत्याही पाहणीत दर चौरस फुटाने लिहिले जात नाही. ते म्हणजे आडनाव. १९९४ साली मी डोंबिवलीत घर शोधत होतो. एजंटने तीन जागा दाखवल्या, एक पसंत पडली, भाडे ठरले. मग त्याने वहीत लिहायला पूर्ण नाव विचारले. नाव लिहिता लिहिता त्याचे पेन थांबले. “मालकांना विचारून सांगतो,” म्हणाला. दुसऱ्या दिवशी जागा ‘कालच गेली’ होती. महिन्याभराने त्याच खिडकीवर ‘भाड्याने देणे आहे’ ही पाटी मी जाता-येता पाहत होतो. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, पारशी सराईतून बाहेर काढले गेले, हे आपण शाळकरी वयापासून ऐकतो आणि मनात कुठेतरी धरून चालतो, की ते जुने झाले. २०१५ साली प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. शिक्षण, नोकरी सारखीच असलेल्या माणसांनी भाड्याच्या घरासाठी विचारणा केली, फरक फक्त नावांचा होता. वरच्या जातीच्या नावांना होकार अधिक मिळाला, दलित नावांना कमी आणि मुस्लिम नावांना सर्वांत कमी. ही विचारणा दिल्लीतली असली, तरी आपल्याकडे ‘फक्त शाकाहारींसाठी’ या दोन शब्दांत काय काय मावते, हे कोणाला समजावून सांगायला नको.

याविरुद्ध कायदा आहे का? राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकाने, हॉटेले, विहिरी, रस्ते यांचा उल्लेख आहे, खाजगी घराच्या भाड्याचा नाही. पण १९५५ चा कायदा, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, त्याच्या कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, मिळवण्यास किंवा त्यात राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा ठरवला आहे. हे कलम आपल्या कार्यकर्त्यांनाही फारसे माहीत नसते. अडचण पुराव्याची आहे. नकार देणारा कारण कधीच बोलून दाखवत नाही, तो ‘कालच गेली’ एवढेच म्हणतो. मात्र आता पुष्कळ बोलणे मोबाईलच्या संदेशांवर चालते. जातीचे नाव घेऊन कोणी लेखी नकार दिला, तर तो संदेश पुसू नका.

हा केवळ अपमानाचा प्रश्न नाही, भाड्याचाही आहे. दहा घरांपैकी सहा ज्याला बंद, त्याला उरलेल्या चारांतून निवडावे लागते, आणि त्या चारांचे मालक हे ओळखून असतात. तो मग जास्त पैसे देतो, किंवा लांब जातो, किंवा जिथे कोणी नाव विचारत नाही अशा इमारतीत जातो. जिथे नाव विचारत नाहीत तिथे पुष्कळदा इमारतीचा नकाशाही कोणी मंजूर केलेला नसतो. मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे ४ एप्रिल २०१३ रोजी काही आठवड्यांत उभी केलेली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. वरचे मजले बांधले जात असताना खाली गरीब कुटुंबे राहत होती. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारती खोट्या परवानग्यांवर बांधल्याचे प्रकरण न्यायालयात गेले, ते अलीकडचे. तेव्हा नुसते भाड्याने राहायचे असले तरी मालकाकडे मालमत्ताकराची पावती आणि इमारतीचा भोगवटा दाखला मागायला संकोच करू नये. पावसाळ्याआधी महानगरपालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. त्यात ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक, राहण्यास अयोग्य. त्या यादीत इमारतीचे नाव आहे का, एवढे पाहायला अर्धा तास पुरतो.

सोसायटीतल्या घराबद्दल दोन गोष्टी. भाड्याने राहणाऱ्यामुळे सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. ते शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त असू शकत नाही, आणि ते मालकाने द्यायचे असते. ‘सोसायटीचा चार्ज’ म्हणून हजार-दोन हजार कोणी तुमच्याकडे मागितले तर सोसायटीची पावती मागा. दुसरे, पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती देणे. ते मालकाने करायचे असते आणि त्याची पोच तुमच्याजवळ ठेवावी. उद्या गॅस जोडणी, शाळाप्रवेश, बँक यांना पत्ता लागतो, तेव्हा नोंदलेला करार आणि ही पोच दोन्ही उपयोगी पडतात.

राहता राहिले डिपॉझिट. ते किती असावे यावर आपल्या राज्याच्या १९९९ च्या कायद्यात मर्यादा नाही. केंद्राने २०२१ साली नमुना भाडेकरार कायदा मंजूर केला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय तो कोणाला बांधत नाही. काही जण ‘हेवी डिपॉझिट’ देतात. चार-पाच लाख एकरकमी द्यायचे आणि भाडे काहीच नाही, किंवा नाममात्र. हिशेबाला ते गोड दिसते. परंतु मालकाने ते पैसे दुसरीकडे गुंतवलेले असतात आणि परत देताना तो पुढच्या माणसाच्या डिपॉझिटची वाट पाहतो. गावची जमीन विकून आलेले किंवा निवृत्तीचे पैसे अशा व्यवहारात घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. डिपॉझिट थोडे असो की फार, ते बँकेतून द्यावे, रोख नाही, आणि ‘घराचा ताबा देतेवेळी त्याच दिवशी परत’ हे शब्द करारात असावेत. ‘घर सोडल्यानंतर’ असे लिहिले असेल तर ते खोडून घ्यावे. एक दिवस असो की एक वर्ष, दोन्ही ‘नंतर’च. घरात शिरताना भिंती, नळ, कडीकोयंडे, विजेच्या मीटरचा आकडा यांचे फोटो काढून मालकालाच पाठवून ठेवावेत.

त्या कल्याणच्या तरुणाने दर महिन्याचे भाडे आणि डिपॉझिट दोन्ही मोबाईलवरून बँकेमार्फत भरले होते. हे त्याचे शहाणपण नव्हते, त्याला तशी सवय होती. पण त्याने वाचवले. त्याला मी एक साधे पत्र लिहून दिले. करार अकरा महिन्यांचा आहे, मधेच काढण्याचे कलम त्यात नाही, करार नोंदवण्याची जबाबदारी आपली होती, कलम ५५ पाहावे, आणि मुदत संपल्यावर डिपॉझिट घेऊन मी घर सोडीन. दमदाटी नाही, वकिलाची नोटीस नाही. रजिस्टर्ड पोस्टाने ते पत्र गेले आणि मालकाचे निरोप बंद झाले. अकरा महिने संपले त्या दिवशी त्याने चावी एका हाताने दिली आणि पैसे दुसऱ्या हाताने घेतले. साठाऐवजी बावन्न हजार मिळाले. आठ हजार रंगकामाचे कापले. करारात शेवटून दुसऱ्या पानावर तसे कलम होते आणि ते आम्हा दोघांच्याही नजरेतून सुटले होते.

नव्या घराचा करार करायच्या आधी तो पुन्हा आला. या वेळी चोवीस महिने होते, नोंदणी होणार होती. मी पहिले पान उघडले तर तो म्हणाला, “काका, आधी रंगकामाचे बघा.”